सॉफ्टवेअरचे कमिशन आणि माणसाची पत

"जयभीम काका, जरा बोलायचं होतं." गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी आमच्या वस्तीतला एक तरुण दारात उभा राहिला. बी.कॉम. झालेला, कॉम्प्युटरवर हिशेब ठेवण्याचा कोर्स केलेला, दोन वर्षे एका होलसेल दुकानात बिले फाडण्याचे काम केलेला. आईने बचत गटातून १८ हजार रुपये उचलले होते. ते त्याने 'ॲफिलिएट मार्केटिंग' शिकवणाऱ्या एका कोर्सला भरले. जाहिरातीत घरबसल्या महिन्याला लाखाची कमाई होती, मोटारगाडीसमोर उभा असलेला एक तरुण होता. पैसे भरल्यावर पहिल्याच आठवड्यात शिकवले गेले ते असे : हाच कोर्स आणखी लोकांना विका आणि निम्मे पैसे मिळवा.

त्याने दोन मित्रांना तो विकला. प्रत्येकाचे ९ हजार त्याला मिळाले. म्हणजे आईचे १८ हजार वसूल झाले आणि दोन मित्र बुडाले. आता ते मित्र समोरून आला की रस्ता बदलतात. मला त्याने विचारले, "काका, हा धंदाच खोटा आहे का?"

त्या दिवशी मी त्याला उत्तर देऊ शकलो नाही. माझी सारी नोकरी बँकेत गेली. विम्याचे एजंट, अल्पबचतीचे एजंट, कर्जाचे दलाल मी जवळून पाहिले आहेत. कमिशन म्हणजे पाप नव्हे, हे मला ठाऊक आहे. पण कॉम्प्युटरवरच्या या कमिशनची मला पुरती माहिती नव्हती. ती नंतरच्या काही महिन्यांत मी मिळवली. आपल्या घराघरांतली शिकलेली मुले आज या शब्दामागे धावत आहेत, म्हणून ती वाचकांपुढे ठेवतो आहे.

प्रथम हे लक्षात घेतले पाहिजे की सॉफ्टवेअरवरचे कमिशन ही इंटरनेटने आणलेली नवलाई नाही. १९८३ साली अमेरिकेत बॉब वॉलेस नावाच्या प्रोग्रॅमरने मायक्रोसॉफ्टची नोकरी सोडली आणि 'पीसी-राइट' नावाचे मजकूर टंकलिहिण्याचे सॉफ्टवेअर बाजारात आणले. दुकाने नाहीत, जाहिरातीला पैसा नाही. त्याने लोकांना सांगितले : फ्लॉपीची नक्कल करा, मित्रांना द्या. आवडले तर ७५ डॉलर भरून नोंदणी करा. नोंदणी करणाऱ्याला त्याच्या नावचा क्रमांक असलेली प्रत मिळे. त्या प्रतीची नक्कल घेऊन पुढे कोणी नोंदणी केली, तर मूळ प्रतवाल्याला २५ डॉलर कमिशन. म्हणजे ज्याने वापरले, ज्याला आवडले, त्यानेच दुसऱ्याला सांगितले आणि सांगण्याचा मोबदला घेतला. आजचा सारा ॲफिलिएट धंदा या एका फ्लॉपीत सामावलेला आहे.

फ्लॉपीवरच्या क्रमांकाची जागा पुढे लिंकने घेतली. १९९४ साली नेटस्केप कंपनीत लू मॉन्टुली या अभियंत्याने 'कुकी' तयार केली. कुकी म्हणजे आपण कोणत्या संकेतस्थळावर कुठून आलो, याची आपल्याच ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटी नोंद. १९९६ साली ॲमेझॉनने पुस्तके सुचवणाऱ्यांना कमिशन देण्याची योजना काढली आणि हा प्रकार जगभर पसरला. १९९८ साली 'क्लिकबँक' ही डिजिटल मालासाठीची पेढी निघाली. तिथे काही विक्रेते विक्रीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कमिशन देऊ लागले.

इथे वाचकांना प्रश्न पडेल की, एवढे कमिशन परवडते कसे? किराणा दुकानदाराला साखरेच्या पोत्यामागे दोन-चार टक्के सुटले तरी तो खूश असतो. उत्तर सोपे आहे. सॉफ्टवेअर एकदा तयार झाले की हजारावी प्रत काढायला जवळजवळ काहीच खर्च येत नाही. खर्च येतो तो गिऱ्हाईक शोधण्याला. म्हणून गिऱ्हाईक आणून देणाऱ्याला वीस-तीस टक्के देणेही कंपनीला परवडते. त्यातही आज बहुतेक सॉफ्टवेअर भाड्याने दिल्यासारखे विकले जाते. दर महिन्याला किंवा दर वर्षाला पैसे भरा आणि वापरा. काही कंपन्या फक्त पहिल्या विक्रीवर कमिशन देतात, काही पहिल्या वर्षापुरते देतात, तर काही गिऱ्हाईक टिकेल तोवर देतात. विम्याच्या एजंटाला हे वेगळे समजावून सांगायला नको.

आता हिशेब मांडू. समजा, दुकानदारांसाठीचे बिलिंगचे एक सॉफ्टवेअर वर्षाला १२ हजार रुपयांना आहे आणि कमिशन २० टक्के आहे. एका विक्रीला २,४०० रुपये झाले. समजा, १०० माणसांनी तुमच्या लिंकवर बोट ठेवले, त्यांतल्या पाचांनी मोफत चाचणीची प्रत घेतली आणि एकाने पैसे भरले. महिन्याला १० विक्री हव्या असतील, तर १,००० गरजू माणसे लिंकपर्यंत आली पाहिजेत. दहातल्या एकाने माल परत केला, तर राहिले नऊ, म्हणजे २१,६०० रुपये. त्यातून २ टक्के कर उगमातच कापला गेला की हातात २१,१६८. शिवाय माल परत करण्याची मुदत संपल्याखेरीज हे पैसे मिळत नाहीत. कंपनीच्या नियमाप्रमाणे महिना-दोन महिने वाट पाहावी लागते. हे आकडे मी उदाहरणासाठी घेतले आहेत, पण हिशेबाची रीत हीच आहे. पहिल्या महिन्यात लाख रुपये मिळतील, असे सांगणारा माणूस यातली कोणती पायरी लपवतो आहे, हे आता वाचकांनीच शोधावे.

हाच हिशेब दुसऱ्या बाजूनेही मांडता येतो. वर्षभरात ६० गिऱ्हाईके जोडली, तर १ लाख ४४ हजार रुपये झाले. नूतनीकरणावरही तेवढेच कमिशन असेल आणि त्यांतल्या ४२ जणांनी पुढच्या वर्षी पैसे भरले, तर एकही नवी विक्री न करता १ लाख ८०० रुपये येतील. पण हे ४२ जण टिकतील केव्हा? सॉफ्टवेअर त्यांच्या खऱ्या उपयोगाचे असेल तेव्हा! चुकीच्या माणसाच्या गळ्यात चुकीचा माल मारला, तर तो वर्षाच्या आत सोडून जातो. या धंद्यात प्रामाणिकपणा हा नुसता नीतीचा विषय नाही, तो दुसऱ्या वर्षाच्या उत्पन्नाचा विषय आहे.

मग यश मिळते कोणाला? ज्याला गिऱ्हाईकाचे दुखणे ठाऊक आहे त्याला. पुण्याच्या क्विक हीलचे उदाहरण घ्या. मूळचे सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे कैलास काटकर हे दहावीपर्यंत शिकलेले. त्यांनी पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात केली, पुढे कॉम्प्युटर दुरुस्तीचे दुकान काढले. दुरुस्तीला येणाऱ्या यंत्रांत व्हायरस सापडत, म्हणून धाकटे बंधू संजय यांनी ते साफ करणारे प्रोग्रॅम लिहिले. त्यातून १९९०च्या दशकात अँटिव्हायरस उभा राहिला आणि २०१६ साली कंपनी शेअर बाजारात नोंदली गेली. हे स्वतः सॉफ्टवेअर तयार करणारे लोक होते, ॲफिलिएट नव्हते, हे खरे. पण धडा दोघांनाही तोच आहे. गिऱ्हाईकाचे बंद पडलेले यंत्र ज्याने उघडून पाहिले, त्याच्या शब्दाला किंमत आली.

आमच्या त्या तरुणाला मी हेच विचारले. "तुला काय येतं?" तो म्हणाला, "बिलं, जीएसटीचा हिशेब, स्टॉक." मी म्हटले, "मग तू अमेरिकेतल्या वजन कमी करण्याच्या ॲपची लिंक कशाला पाठवत बसतोस?" त्याला दुकानदार कुठे अडतो हे माहीत आहे. वर्षअखेरीस माल मोजताना काय घोळ होतो, औषधांची मुदत संपलेली कशी कळत नाही, उधारीची वही कशी हरवते, हे त्याने डोळ्यांनी पाहिले आहे. ही त्याची पुंजी आहे. कंपन्यांची माहितीपत्रके बहुधा इंग्रजीत असतात. मराठीत दहा मिनिटांत, स्वतःच्या कॉम्प्युटरवर बिल तयार करून दाखवणारा माणूस तालुक्याच्या बाजारपेठेत किती मोलाचा आहे, याचा विचार करा.

पण कोणत्याही कंपनीची लिंक हाती घेण्यापूर्वी काही प्रश्न विचारलेच पाहिजेत. सामील होण्याचे पैसे पडतात का? पडत असतील तर तिथूनच परत फिरावे. चांगला विक्रेता तुमच्याकडून पैसे घेत नाही, तुम्हाला देतो. लिंकची नोंद किती दिवस टिकते? ॲमेझॉनची योजना २४ तासांची आहे, सॉफ्टवेअर कंपन्यांत ३०, ६०, ९० दिवसांच्या मुदती आढळतात. दुकानदार काही एका दिवसात निर्णय घेत नाही, म्हणून मुदत लांब हवी. दोन एजंटांच्या लिंक वापरल्या गेल्या तर कमिशन कोणाला? बहुतेक ठिकाणी शेवटच्या लिंकवाल्याला मिळते. ब्राउझर कुकी अडवत असेल, तर तुमच्या नावचा सवलतीचा कोड मिळेल का? किमान किती रक्कम जमल्यावर पैसे देतात? करार कधीही एकतर्फी बदलण्याचा अधिकार कंपनीने राखला आहे का? हा अधिकार बहुतेक सगळ्याच राखतात. एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीच्या ऐन दिवसांत, ॲमेझॉनने अमेरिकेत अनेक वस्तूंवरचे कमिशन एका फटक्यात खाली आणले. फर्निचरचे ८ टक्क्यांवरून ३ टक्के झाले. एकाच कंपनीवर संसार मांडणाऱ्यांचे काय झाले असेल, हे सांगायला नको. तेव्हा दोन-तीन विक्रेते ठेवावेत, आणि गिऱ्हाईकांची नावे व फोन, त्यांच्या संमतीने, स्वतःच्या वहीत ठेवावेत. लिंक कंपनीची असते, ओळख आपली असते.

या धंद्यात लबाडीही भरपूर आहे आणि ती केवळ आपल्याकडेच आहे असे नाही. ईबे कंपनीच्या सर्वांत मोठ्या एजंटांपैकी दोघांनी लोकांच्या ब्राउझरमध्ये त्यांच्या नकळत कुकी कोंबल्या आणि न केलेल्या शिफारशींचे कमिशन उकळले. त्यांतल्या एकाला कंपनीने काही वर्षांत सुमारे २ कोटी ८० लाख डॉलर कमिशन दिले होते. २०१४ साली अमेरिकन न्यायालयाने दोघांनाही तुरुंगात पाठवले. डिसेंबर २०२४ मध्ये 'हनी' या सवलतीचे कूपन शोधून देणाऱ्या, पेपालच्या मालकीच्या सोयीवर आरोप झाला की, पैसे भरण्याच्या क्षणी ती दुसऱ्याची लिंक पुसून स्वतःची लावते. त्यावरून अमेरिकेत खटले दाखल झाले. मेहनत एकाची आणि कमिशन दुसऱ्याचे, हा प्रकार आपल्या वाचकांना अपरिचित नाही. तेव्हा महिन्याच्या अखेरीस आपली नोंद आणि कंपनीची नोंद ताडून पाहण्याची सवय हवी. "त्यांचा कॉम्प्युटर खोटं कशाला बोलेल?" असे म्हणून गप्प बसू नये.

आता त्या कोर्सविषयी. खऱ्या ॲफिलिएटच्या धंद्यात शेवटी कोणीतरी माल वापरणारा असतो. कोर्स विकत घेणाऱ्याने तोच कोर्स पुढच्याला विकायचा आणि त्याने त्याच्या पुढच्याला, यात वापरणारा कोणीच नाही. शेवटच्या माणसाचा खिसा हाच तिथला माल आहे. पैसे फिरवण्याच्या योजनांवर आपल्या देशात १९७८ च्या कायद्याने बंदी आहे. डिसेंबर २०२१ मध्ये आलेल्या थेट विक्रीच्या नियमांनी पिरॅमिड योजनांना पुन्हा मनाई केली आहे. फसगत झालेल्याने लाजेने घरात न बसता १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली पाहिजे. दुर्दैव असे की, या योजना नात्यागोत्यातून, वस्तीतून, मित्रमंडळातून पसरतात. जिथे माणसे एकमेकांवर विश्वास टाकतात तिथेच त्या फोफावतात. पिढ्यान् पिढ्या एकमेकांच्या आधाराने उभ्या राहिलेल्या वस्त्यांना याची झळ अधिक बसते.

म्हणूनच कमिशन मिळते हे उघड सांगण्याला महत्त्व आहे. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये समाजमाध्यमांवर शिफारस करणाऱ्यांसाठी सूचना काढल्या. कंपनीशी आर्थिक संबंध असेल तर तो ठळकपणे आणि सोप्या भाषेत सांगितला पाहिजे, असे त्या सांगतात. आमच्या तरुणाला भीती वाटत होती. "कमिशन मिळतं असं सांगितलं तर कोण घेईल, काका?" मी त्याला म्हटले, "तू लपवलंस आणि दुकानदाराला नंतर कळलं, तर काय होईल ते सांग." तो गप्प झाला. त्याला ते नुकतेच कळले होते.

कमिशनच्या उत्पन्नावर कर आहे, हेही सांगून ठेवतो. भारतीय कंपनी ठरावीक रकमेपुढे कर कापूनच पैसे देते. १ ऑक्टोबर २०२४ पासून कमिशनवरचा हा दर ५ टक्क्यांवरून २ टक्के झाला. पॅन दिला नाही तर कपात कितीतरी जास्त होते. कापलेला कर विवरणपत्र भरून परत मिळू शकतो, पण अनेक मुले विवरणपत्रच भरत नाहीत. परदेशी कंपनीकडून डॉलर आले, तर बँकेकडून तसा दाखला घेऊन ठेवावा. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या पुढे गेली, तर जीएसटीची नोंदणी लागते. हे कागद नीट असतील तर उद्या कर्ज मागायला गेल्यावर बँकेच्या अधिकाऱ्यापुढे उत्पन्नाचा पुरावा ठेवता येतो. तारण नसलेल्या माणसाला कागदाचाच आधार असतो, हे मी टेबलाच्या पलीकडे बसून अनेक वर्षे पाहिले आहे.

येथे एक गोष्ट आठवते. कोलंबियात अर्थशास्त्र शिकून आणि लंडनचे शिक्षण अर्धवट सोडून परतलेल्या बाबासाहेबांनी मुंबईत शेअरच्या व्यापाऱ्यांना सल्ला देण्याची पेढी काढली होती. सल्ला देणारा अस्पृश्य आहे, हे कळताच गिऱ्हाईके येईनाशी झाली आणि पेढी बंद करावी लागली. पुढे १९१८ च्या नोव्हेंबरात ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. धनंजय कीर यांच्या चरित्रात ही हकिकत आहे. सल्ला चुकीचा होता म्हणून ती पेढी बुडाली नाही. आज कंपनीचा कॉम्प्युटर एजंटाचा क्रमांक पाहतो, आडनाव पाहत नाही. ही सोय लहान नाही. पण बाजारपेठेत दुकानाची पायरी चढताना आडनाव आजही विचारले जाते, हेही आपल्याला माहीत आहे. या तरुणालाही पहिल्या दिवशी दोन ठिकाणी विचारले गेले. एकाने नंतर बोलावले नाही. दुसऱ्याने बोलावले, कारण त्याच्या जीएसटीच्या विवरणातली चूक याने उभ्या उभ्या दाखवून दिली होती.

या गोष्टीला आता बरेच महिने झाले. त्याने बिलिंगचे एक आणि मेडिकल दुकानासाठीचे एक, अशी दोन सॉफ्टवेअर निवडली. दोन्ही आधी स्वतः महिनाभर वापरून पाहिली. कोणत्यात काय उणे आहे, ते मराठीत लिहून काढले आणि तो कागद गिऱ्हाईकाला दाखवतो. वर "मला यावर कमिशन मिळते" हे पहिले वाक्य असते. पहिले दोन महिने एकही विक्री झाली नाही. तिसऱ्या महिन्यात एका किराणा दुकानदाराला त्याने सांगितले, "तुमच्या दुकानाला हे नको, तुमची वहीच बरी आहे." त्या दुकानदाराने आपल्या जावयाच्या मेडिकल दुकानात त्याला पाठवले. ती पहिली विक्री. परवापर्यंत अकरा झाल्या होत्या. सकाळी तो एका कर सल्लागाराकडे नोकरी करतो आणि अजून ती सोडलेली नाही. सोडू नकोस, असे मीही सांगितले आहे.

गेल्या महिन्यात तो पुन्हा आला. त्या दोन मित्रांचे प्रत्येकी ९ हजार तो हप्त्याने परत करतो आहे. कोर्सवाल्यांनी खाल्लेले बाकीचे पैसे त्याच्या हातात नाहीत. त्यासाठी तिघांनी मिळून तक्रार केली आहे. एका मित्राने पहिला हप्ता घ्यायला नकार दिला, मग घेतला. दुसरा अजून बोलत नाही, पण पैसे घेतो. "बोलेल," मी म्हटले. "शेवटचा हप्ता होऊ दे."

माझी पालकांना विनंती आहे. मुलगा किंवा मुलगी उद्या 'ॲफिलिएट' हा शब्द घेऊन घरी आली, तर तिला हिडीसफिडीस करू नका आणि बचत गटाचे कर्जही उचलून देऊ नका. तिला इतकेच विचारा : माल कोणता? तो तू वापरलास का? शेवटी तो वापरणार कोण? आणि ज्याला विकणार आहेस, त्याच्या दारावरून पुढच्या वर्षी मान वर करून जाता येईल का? या चार प्रश्नांची उत्तरे मिळाली, तर तिला कामाला लागू द्या.